चाकांवरचे घर: आधी हवा, मग वीज, शेवटी वायफाय

कॅराव्हॅन घेणाऱ्या किंवा व्हॅनचे घर करून घेणाऱ्या बहुतेकांची यादी एसी, फ्रीज आणि टीव्हीपासून सुरू होते. ही यादी उलटी करण्याची गरज आहे. ती का, आणि उत्तनच्या बोटींकडून यात काय शिकता येईल, याचा हा हिशेब.

उत्तन, पाली, चौकच्या किनाऱ्यावरून खोल समुद्रात निघणाऱ्या मासेमारी बोटीवर काय काय चढते, हे भाईंदरकरांना नवे नाही. डिझेल, बर्फ, पिण्याचे पाणी, शिधा, जाळी. वायरलेस बोलतो का, जीपीएस लागतो का, लाइफ जॅकेट पुरेशी आहेत का, हे निघण्याआधी पाहावे लागते. पुढचे काही दिवस ती बोट हेच खलाशांचे घर असते. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप. या घरात सोफा नसतो. पण जे नसले तर जिवावर बेतेल, ते आधी चढते आणि बाकीचे जागा उरली तर.

याच शहरात घराबाहेर पडण्याचे आणखी एक स्वप्न आता मोबाइलच्या पडद्यावरून फिरते आहे. व्हॅनमध्ये पलंग, छोटे किचन, छतावर सोलर, खिडकीबाहेर समुद्र किंवा सह्याद्री आणि मांडीवर लॅपटॉप. मीरा रोडहून काशीमीरा गाठले की राष्ट्रीय महामार्ग ४८ लागतो. एकीकडे वर्सोवा पूल ओलांडून पालघर, डहाणू, गुजरात. दुसरीकडे घोडबंदरमार्गे ठाणे, नाशिक, पुणे. घर चाकांवर असेल तर निघायला अडचण काय?

अडचण निघण्यात नाही, यादीत आहे. चाकांवरचे घर सजवताना त्याकडे दुसरा फ्लॅट म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात ते बोटीच्या जास्त जवळचे आहे. बंद जागा, मोजकी वीज, मोजके पाणी आणि मदत दूर. त्यामुळे सामानाचा क्रमही बोटीसारखाच हवा.

कॅराव्हॅन, मोटरहोम, ट्रेलर: फरक काय?

बोलीत सगळ्यांनाच कॅराव्हॅन म्हटले जाते, पण प्रकार दोन आहेत. पहिल्यात इंजिन आणि घर एकाच गाडीत असते. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेली बहुतेक भारतीय वाहने या प्रकारातली. दुसऱ्यात घर स्वतंत्र असते आणि ते गाडीच्या मागे जोडून ओढले जाते. हा ट्रॅव्हल ट्रेलर. अमेरिका-युरोपात तो सर्रास दिसतो, आपल्याकडे क्वचित.

‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत ‘मोटर कॅराव्हॅन’ आणि ‘कॅम्पर व्हॅन/ट्रेलर’ असे वेगळे वर्ग आहेत. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे तांत्रिक मानक आहे. म्हणजे हा प्रकार कायद्याला अनोळखी नाही.

तसे पाहिले तर फिरते घर महाराष्ट्रालाही अनोळखी नाही. आषाढी वारीत दिंड्यांबरोबर चालणारे ट्रक तंबू, शिधा आणि भांडी घेऊन रोज मुक्काम हलवतात. ऊसतोडीला निघालेले कुटुंब ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अख्खा संसार भरते. मीरा रोड, नायगाव, घोडबंदर पट्ट्यात मालिकांचे सेट आहेत, तिथे उभ्या राहणाऱ्या व्हॅनिटी व्हॅन हीसुद्धा चाकांवरचीच घरे. म्हणून हा विषय चार हौशी पर्यटकांपुरता नाही. बंद गाडीत झोपणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे. त्यात मालकापेक्षा चालकच जास्त असतात.

वडकरात काय घडले?

डिसेंबर २०२४. केरळच्या कोळिकोड जिल्ह्यातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन पुरुष मृतावस्थेत आढळले. गाडी उभी होती, आत एसीसाठी जनरेटर सुरू होता. कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी तपासणी केली. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातील छिद्रातून आत शिरल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. जागा असलेल्या माणसाचे डोके दुखते, मळमळते, तो बाहेर पडू शकतो. झोपलेल्याला ही संधीही मिळत नाही.

यात कोणतीही विलक्षण चूक नव्हती. गरमी होती म्हणून एसी लावला, एसीला वीज हवी म्हणून जनरेटर लावला. हजारो गाड्यांत रोज हेच घडते. चूक असते ती एका छिद्राची आणि ते छिद्र रात्री कोणी तपासत नाही.

म्हणून यादीतील पहिली वस्तू एसी नव्हे, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. तो झोपलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर लावायचा. दुसरी वस्तू म्हणजे हवा खेळती ठेवणारे, बंद न करता येणारे झरोके. जनरेटर वापरायचाच असेल तर तो गाडीत किंवा गाडीखाली नको. किमान २० फूट दूर आणि धूर गाडीच्या उलट दिशेला. पडवीत, बंद शेडमध्ये किंवा भिंतीला लागून ठेवलेला जनरेटरही तितकाच घातक. इंजिन सुरू ठेवून काचा लावून झोपणे हाही त्यातलाच प्रकार.

मग एसी नकोच का? विजेचा सरळ हिशेब

एसीला विरोध नाही, पण त्याची किंमत आधी कळली पाहिजे. विजेचा हिशेब घरच्या बिलाच्या भाषेत, म्हणजे युनिटमध्ये केला की चित्र स्पष्ट होते. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट.

चाकांवरच्या साध्या घराचा दिवसाचा खर्च साधारण असा येतो:

• १२ व्होल्टचा छोटा फ्रीज: अर्धा युनिट
• कमी विजेचा ३० वॅटचा पंखा, १० तास: ०.३ युनिट
• वायफाय राउटर, १० वॅट, २४ तास: ०.२४ युनिट
• लॅपटॉप, ५० वॅट, ६ तास: ०.३ युनिट
• एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जिंग: ०.१ युनिट

एकूण सुमारे १.४४ युनिट. आता पुरवठा पाहा. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर क्षमतेच्या एका लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरीत १.२८ युनिट वीज मावते. अशा दोन बॅटऱ्या असतील तर बाहेरून काहीही न मिळता पावणेदोन दिवस निघतात. छतावर ४०० वॅटचे सोलर पॅनेल असेल तर उन्हाच्या दिवसात गळती वजा जाता सव्वा ते दीड युनिट परत मिळते. गाडी तीन तास चालली तर अल्टरनेटरवरून योग्य चार्जरमार्फत आणखी एक युनिटच्या आसपास. हिशेब जुळतो.

आता यात एक टनाचा एसी घाला. रात्रभरात तो एकटाच पाच-सहा युनिट खातो. म्हणजे चार ते पाच बॅटऱ्या निव्वळ एका रात्रीच्या एसीसाठी, आणि त्या भरून काढायला छतावर मावणार नाही इतके सोलर. इथेच जनरेटरचा मोह सुरू होतो.

याचा अर्थ एसी तिथेच लावावा जिथे थेट विजेची जोडणी मिळते. बाकी ठिकाणी छताला हवा बाहेर फेकणारा पंखा, खिडक्यांना जाळी, छताला उष्णतारोधक थर आणि गाडी सावलीत उभी करणे, हा स्वस्त आणि सुरक्षित उपाय. एप्रिल-मे महिन्यात किनाऱ्यावर दुपारी मुक्काम टाकायचा हट्ट न धरणे, हाही एक उपायच आहे. आणि पावसाळ्यात सोलरचा आकडा निम्म्याहून खाली येऊ शकतो, हे गृहीत धरूनच निघावे. मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, म्हणजे समुद्रावर जाणारेही हवामान पाहून वर्षाची आखणी करतात. रस्त्यावरच्यांनी ती का करू नये?

जुन्या इन्व्हर्टरच्या लेड-अॅसिड बॅटऱ्या स्वस्त पडतात म्हणून बसवल्या जातात. त्यांची निम्मीच क्षमता वापरायची असते, नाहीतर आयुष्य झपाट्याने घटते. शिवाय त्या जड असतात आणि चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो. बंद केबिनमध्ये पलंगाखाली ती बॅटरी ठेवणे धोक्याचे.

गॅस आणि वायरिंग: आग कुठून लागते?

ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराई येथे लखनौहून आलेल्या पर्यटकांच्या एका खासगी रेल्वे डब्याला आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला. डब्यात बेकायदा गॅस सिलिंडर नेण्यात आला होता. तो डबाही त्या यात्रेपुरते चाकांवरचे घरच होता.

एलपीजी हवेपेक्षा जड. गळती झाली की तो वर न जाता जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, बाहेर उघडणारी वाट हवी आणि गॅसचा अलार्म जमिनीजवळ हवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म एलपीजी ओळखत नाही आणि एलपीजीचा अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. दोन्ही वेगळे घ्यावे लागतात. गाडी चालताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. दोन-तीन माणसांसाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. घरचा मोठा सिलिंडर पलंगाखाली सरकवणे ही काटकसर नव्हे.

इंडक्शनचा पर्यायही आहे. १८०० वॅटची शेगडी २० मिनिटे चालली तर ०.६ युनिट. जिथे वीज जोडलेली आहे तिथे उत्तम, फक्त बॅटरीवर मात्र रोज परवडत नाही.

वायरिंगचा मुद्दा याहून कमी दिसणारा. १२ व्होल्टवर तेवढ्याच वॅटसाठी घरच्यापेक्षा कितीतरी जास्त करंट वाहतो. घरातला हजार वॅटचा गीझर साडेचार अँपिअर घेतो, १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेवढीच शक्ती खेचायला ८० अँपिअरहून जास्त लागतात. घरगुती जाडीची वायर तिथे तापते, मग वितळते. म्हणून जाड केबल, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, बाहेरून वीज घेताना गळती ओळखून बंद पडणारा ब्रेकर आणि नीट अर्थिंग. दरवाजाजवळ आग विझवण्याचा सिलिंडर हवा, किचनच्या मागे नको. आग लागली तर तिच्या पलीकडे जाऊन तो काढणार कोण? आणि झोपण्याच्या जागेजवळ बाहेर पडण्याची दुसरी वाट असली पाहिजे.

पाणी, मैला आणि वजन

१०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. टाकी, बॅटऱ्या, सिलिंडर, फर्निचर, माणसे अशी बेरीज करत गेले की गाडीची मान्य वजनमर्यादा सहज ओलांडली जाते. मग ब्रेक उशिरा लागतो आणि घाटात टायर तापतात. ट्रेलर असेल तर जड सामान चाकांच्या बरोबर वर हवे, मागच्या टोकाला नको. मागे भार गेला की वेगात ट्रेलर डुलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही खेचतो. जोडणीवर ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० टक्के भार राहावा, असा ढोबळ नियम आहे. चढावर उभे राहताना चाकांना लावायचे गुटके, चांगला जॅक, नीट हवा भरलेली स्टेपनी आणि टायरमधील हवा मोजायचे साधन, हे सगळे मिळून एका छोट्या टीव्हीपेक्षा स्वस्त पडते.

मैल्याचे काय, हा प्रश्न मात्र व्हिडीओत कधी दिसत नाही. सुटी टाकी असलेले छोटे शौचालय गाडीत बसते. टाकी दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करावी लागते. कुठे? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर नाही. मग ती नाल्यात, खाडीत किंवा झाडीत ओतली जाते. खाडी आणि कांदळवनांच्या काठावरच्या या शहराने तरी ही गोष्ट ‘चालतंय’ म्हणून सोडू नये.

संपर्कात राहायचे तर काय लागते?

वायफाय यादीत शेवटी म्हणजे तो बिनमहत्त्वाचा, असे नाही. त्याला वीज लागते, आणि वीज नीट नसेल तर नेटवर्कही नाही, म्हणून तो नंतर. शिवाय संपर्काचे दोन भाग आहेत. एक कामाचा, दुसरा जिवाचा. दोघांची सोय वेगळी करावी लागते.

कामासाठी पहिला नियम: दोन वेगळ्या कंपन्यांची सिम. एकाच कंपनीची दोन नव्हे. सह्याद्रीत डोंगराच्या एका बाजूला एकीची रेंज असते, दुसऱ्या बाजूला दुसरीची. दोन सिम घेणारा राउटर असेल तर तो स्वतःच बदल करतो. गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो, म्हणून फोन आत आणि टॉवर डोंगरापलीकडे, अशा वेळी गाडीच्या छतावर लावलेला बाहेरचा अँटेना राउटरला जोडला की बराच फरक पडतो.

मात्र अँटेना आणि बूस्टर यात गल्लत नको. बाजारात मिळणारे मोबाइल सिग्नल बूस्टर परवानगीशिवाय बसवणे बेकायदा आहे. ते आजूबाजूच्या टॉवरच्या लहरींत अडथळा आणतात आणि इतरांचे कॉल तुटतात. दूरसंचार विभाग त्यावर वेळोवेळी कारवाई करतो.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने आणखी एक दार उघडले. डिजिटल भारत निधीतून दुर्गम भागात उभारलेल्या फोर-जी टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीचे नेटवर्क मिळावे, यासाठी ‘इंट्रा सर्कल रोमिंग’ सुरू झाले. ही सोय सगळ्या टॉवरवर नाही, पण डोंगरी भागात फोनमधील नेटवर्क निवड ‘ऑटोमॅटिक’वर ठेवण्याचे हे एक चांगले कारण आहे.

जिवासाठीचा भाग त्याहून सोपा आणि जवळजवळ फुकट आहे. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचे नेटवर्क असेल तर ११२ चा कॉल त्यावरून जाऊ शकतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’, विजांचा इशारा देणारे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ आणि हवामान विभागाचे ‘मौसम’ ही अॅप फोनमध्ये असावीत. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवावा. आणि सगळ्यात जुना उपाय: कुठे मुक्काम, कधी फोन करणार आणि फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, हे घरी एका माणसाला लिहून द्यावे.

सॅटेलाइट इंटरनेट घेतले की प्रश्न मिटला?

इतक्यात नाही. स्टारलिंकला दूरसंचार विभागाने जून २०२५ मध्ये परवाना दिला आणि जुलै २०२५ मध्ये इन-स्पेसने पाच वर्षांची मंजुरी दिली. पण कंपनीला परवाना मिळाला म्हणजे परदेशातून आणलेला संच इथे चालवण्याची मुभा मिळाली, असे नाही. थुराया, इरिडियम यांसारखे सॅटेलाइट फोन विनापरवाना बाळगण्यावर भारतात निर्बंध आहेत. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी छोटी उपकरणे जवळ बाळगल्यामुळे परदेशी पर्यटकांना विमानतळांवर अडवले गेल्याच्या घटना घडल्या आहेत. नातेवाइकाने ‘तिकडून’ आणलेली भेट पोलीस ठाण्यात उघडावी लागू नये.

विजेचा हिशेब इथेही लागू होतो. सॅटेलाइट डिश सरासरी ६० वॅट खात असेल तर २४ तासांत १.४४ युनिट. म्हणजे वर मांडलेल्या अख्ख्या घराच्या दिवसभराच्या खर्चाइतकी वीज एकट्या इंटरनेटला.

बोटींना हे शहाणपण कसे आले?

बोटीवरचे सगळे आदर्श आहे, असे मुळीच नाही. तिथली सुरक्षा साधने बहुतेक वेळा संकटानंतरच आली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेक्यांनी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट वापरली. त्यानंतर बोटींची नोंद, रंग आणि खलाशांची ओळखपत्रे यावर भर आला. डिसेंबर २०१७ च्या सुमारास आलेल्या ओखी चक्रीवादळाने दुसरा धडा दिला. खोल समुद्रात आधीच गेलेल्या बोटींपर्यंत इशारा पोहोचवण्याचा मार्गच नव्हता, कारण मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून काही अंतरावर संपते.

त्यावर पुढे आलेला उपाय म्हणजे इस्रोच्या तंत्रज्ञानावर आधारित ट्रान्सपाँडर. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते या देशव्यापी योजनेची सुरुवात झाली. १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख बोटींवर हे यंत्र टप्प्याटप्प्याने बसवायचे, खर्च सुमारे ३६० कोटी. खलाशी त्यावरून किनाऱ्याला संदेश देऊ शकतो आणि किनाऱ्यावरून इशारा त्याला मिळू शकतो. मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

यात एक साधा विचार आहे. संपर्काचा पहिला उपयोग करमणूक नाही, इशारा आणि मदत. आणि ती सोय प्रत्येक नाखव्याच्या ऐपतीवर सोडलेली नाही, सरकारने उचलली आहे. रस्त्यावरच्या घरांबाबत हे दोन्ही अजून झालेले नाही.

गॅरेजमध्ये बदल करून घेतला तर?

अनेकांना हाच स्वस्त मार्ग वाटतो. जुनी व्हॅन घ्यायची, सुताराकडून पलंग, इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठा धोका विम्याचा. नोंदीत नसलेल्या बदलामुळे आग लागली तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

मीरा-भाईंदरला २०२५ मध्ये एमएच-५८ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्यामुळे नोंदणीचा प्रश्न शहराच्या जवळ आला आहे. गाडीला हात लावण्याआधी परिवहन कार्यालयात वर्ग कोणता, मंजुरी कशाची, हे विचारून घेणे शहाणपणाचे. भाड्याने घेणाऱ्यांनीही नोंदणी प्रमाणपत्रावर वाहनाचा वर्ग पाहावा आणि दोन अलार्म दाखवायला सांगावेत. ज्याच्याकडे ते नाहीत, त्याचा टीव्ही कितीही मोठा असो, गाडी घेऊ नये.

राज्याचे धोरण आहे, मग अडते कुठे?

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणाला मंजुरी दिली. कॅराव्हॅन आणि ती उभी करण्यासाठी कॅराव्हॅन पार्क, असे त्याचे दोन भाग. विचार योग्य आहे. पण निम्मे यश दुसऱ्या भागावर अवलंबून आहे आणि तोच भाग रस्त्यावर फारसा दिसत नाही. गाडी कोणीही विकत घेऊ शकतो. सुरक्षित जागा, विजेचा प्लग, पिण्याचे पाणी आणि मैला रिकामा करण्याची जागा एकट्याने उभी करता येत नाही.

प्लग नसला की जनरेटर येतो. म्हणजे वडकराच्या घटनेचे मूळ केवळ तळातल्या छिद्रात नाही, रात्री उभे राहायला वीज नसलेल्या रस्त्यातही आहे.

मीरा-भाईंदरमध्ये तर मुक्कामाच्या आधी मुळातला प्रश्न आहे: गाडी घरी उभी कुठे करायची? टेम्पो ट्रॅव्हलरच्या उंचीची गाडी बहुतेक सोसायट्यांच्या पोडियममध्ये शिरत नाही. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगची जागा असल्याचे प्रमाणपत्र नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असे धोरण आणण्याचे जाहीर केले. त्यांच्या ओवळा-माजिवडा मतदारसंघात या शहराचाही काही भाग येतो. हा नियम आला तर कॅराव्हॅनचे स्वप्न पाहणाऱ्यांची पहिली खरेदी पार्किंगची जागा ठरेल. ते वाईटही नाही. रस्त्याच्या कडेला महिनोन्‌महिने झाकून ठेवलेली मोठी गाडी ही शेजाऱ्यांच्या हक्कावरचे अतिक्रमणच आहे.

काही जण म्हणतील, नळाला रोज पाणी आणि लोकलमध्ये उभे राहायला जागा मागणाऱ्या शहरात श्रीमंतांच्या या खेळण्यासाठी पालिकेने पैसा का घालावा? प्रश्न रास्त आहे. पण मागणी राजवाड्याची नाही. महामार्गालगत एका वाहनतळावर पैसे भरून वापरता येतील असे चार-सहा विजेचे पॉइंट आणि मलप्रक्रिया केंद्रात टाकी रिकामी करण्याची एक जागा, इतकीच आहे. त्याचा फायदा कॅराव्हॅनवाल्यापेक्षा काशीमीऱ्याला रात्र काढणाऱ्या ट्रकचालकाला आणि सेटवरच्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये झोपणाऱ्या चालकाला जास्त होईल. घोडबंदर किल्ला आणि डोंगरीचा धारावी किल्ला याच शहरात आहेत. पर्यटनाच्या गप्पा मारायच्या तर पाहुण्याच्या गाडीला प्लग आणि नळ देण्यापासून सुरुवात व्हायला हवी.

यादीचा क्रम, एका नजरेत

१. कार्बन मोनॉक्साइड आणि एलपीजीचे वेगवेगळे अलार्म, झरोके, आग विझवण्याचा सिलिंडर, बाहेर पडण्याची दुसरी वाट
२. टायर, ब्रेक, जॅक, गुटके आणि वजनकाट्यावर केलेले वजन
३. बॅटरी, फ्यूज, जाड वायर, सोलर, योग्य चार्जर
४. पिण्याचे पाणी आणि बंद टाकीचे शौचालय
५. दोन कंपन्यांची सिम, बाहेरचा अँटेना, ऑफलाइन नकाशा, इशारा देणारी अॅप, घरी दिलेले वेळापत्रक
६. फ्रीज, लॅपटॉपची जागा, पंखा
७. जिथे विजेची जोडणी मिळते तिथेच एसी

यातील पहिली ओळ सर्वात स्वस्त आहे. तरीही व्हिडीओत ती सर्वात कमी दिसते, कारण अलार्म देखणा नसतो आणि तो वाजला नाही तर त्याने काम केले की नाही हेही कळत नाही. बोटीवरचे लाइफ जॅकेटही असेच असते. बहुतेक फेऱ्यांत कोणी त्याला हात लावत नाही, पण ते किनाऱ्यावर ठेवून जाणाऱ्या नाखव्याला कोणी हुशार म्हणत नाही.